मधलीचं कोण सांगणार?

“आधी त्याचं सांग. मग तुझं.”

हा आवाज मधलीच्या कानात शिरला तेव्हा खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. रंगीत काचेचा एक तुकडा थोरल्यानं तिचा घेतला होता की तिनं त्याचा, ते आता कुणालाच आठवत नाही. पण प्रकरण हमरीतुमरीवर आलं होतं आणि दोघांनाही आपलंच घोडं पुढे दामटायचं होतं. बाबा कापायच्या टेबलाशी उभे होते. हातातली काच कापायची हिरकणी त्यांनी खाली ठेवली नाही, नुसती थांबवली. आवाजही चढवला नाही. घासलेट लावलेली हिरकणी काचेवरून फिरते तेव्हा जसा बारीक, सरळ, मध्ये न तुटणारा आवाज येतो, तसाच बाबांचा बोलण्याचा आवाज होता.

“त्याचं त्याला पटेपर्यंत सांग. तो ‘हो, हेच’ म्हणाला, की मग तुझं.”

ऐकायला धावत जा, बोलायला चालत या, आणि रागाच्या वाटेला लागलात तर मागे फिरा. पवित्र शास्त्रातून बाबांनी हे आपल्या भाषेत असं करून घेतलं होतं, आणि नुसतं भिंतीवर टांगण्याऐवजी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. त्या दिवसापासून या घरात कोणीही कोणाशी भांडायला लागलं, की आधी समोरच्याची बाजू त्याच्या तोंडावर, त्याला मान्य होईल अशी मांडायची. त्यानं मान डोलावल्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, यांच्या घरचं भांडण ऐकण्यात काही मजाच नाही, कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय तेच कळत नाही.

थोरला या कामात हुशार होता, धाकटा चलाख होता, पण मधलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती समोरच्याचं असं सांगायची, की त्याला स्वतःलाच वाटावं, अरे, माझं म्हणणं एवढं चांगलं होतं? थोरल्याला शिकायला बाहेर जायचं होतं तेव्हा बाबांपुढे त्याचं मधलीनं सांगितलं. धाकट्याला घंटीशी लग्न करायचं होतं तेव्हा आईपुढे त्याचंही मधलीनंच सांगितलं. पुढे पुढे चर्चच्या मंडळीतले पाळकसाहेबसुद्धा भांडकुदळ नवरा-बायकोला म्हणायचे, “जरा काचेच्या दुकानात जाऊन या.” बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “ही माझी शांती करणारी.” आणि त्या हाताच्या उबेत मधलीला कधी जाणवलंच नाही, की तिच्या बाबतीत गोष्ट नेहमी पहिल्या वाक्यावरच थांबते. ‘मग तुझं’ म्हणेपर्यंत भांडण मिटलेलं असायचं, ताटल्या उचललेल्या असायच्या, आणि कोणीतरी दिवा घालवून झोपायला गेलेलं असायचं.

आता बाबा नव्हते. रविवारची उपासना आटोपून घरचे सगळे दुकानामागच्या खोलीत जेवायला जमले होते, आणि मधलीच्या डाव्या तळहाताला पांढरी पट्टी होती.

पट्टी थोरल्या वहिनीनं बांधलेली. ती इस्पितळात नर्स, त्यामुळे गाठ अशी की सोडवायला पुन्हा तीच लागावी. काचेच्या घरात हात कापणं म्हणजे बातमी नव्हे. पण या वेळी टाके पडले होते, आणि त्या टाक्यांच्या निमित्तानं आजची बैठक भरली होती. दुकानाचं काय करायचं, हे आज ठरायचं होतं.

आई ताटल्या मांडत होती. तिच्या डोळ्यांत गेल्या वर्षापासून धुकं उतरलं होतं, पण मदत कोणाची घेईल तर शपथ. जेवणाचं हे टेबल म्हणजे बाबांचं जुनं कापायचं टेबल. मधलीनं नवं करून घेतलं तेव्हा हे मागे आलं. चादरीखाली अजून जाड लोकरी बनात होती आणि कडेला पितळी पट्टीवर इंचांच्या खुणा. आई बोटांनी त्या खुणा चाचपायची आणि बरोबर अंतरावर ताटली ठेवायची. ठेवता ठेवता गुणगुणायची. हे तिचं स्वतःचंच होतं, काच पुसताना कधीतरी जुळवलेलं:

काच पुसते पुसते, दिसू दे रे पैलाड,
देवा, माझ्याच तोंडाची, नको मध्ये काही आड.

थोरल्यानं प्रार्थना केली. तो शाळेत मास्तर होता आणि घरातही सगळे त्याला मास्तरच म्हणत, फक्त बहीण-भाऊ ‘दादा’ म्हणत. त्याची प्रार्थना नीटनेटकी असे, परिच्छेद पाडल्यासारखी. आज त्यानं शेवटी शहाणपण मागितलं. आमेन म्हणताना घंटीनं एक डोळा उघडून रश्श्याकडे पाहिलं, ते मधलीनं पाहिलं, आणि घंटीनं तिनं पाहिल्याचं पाहिलं.

घंटी म्हणजे धाकट्याची बायको. हे नाव धाकट्यानंच ठेवलेलं. कारण ती बोलायला लागली की वाजतेच. ती मोठ्या, आरडाओरड्याच्या घरातून आली होती. “आमच्याकडे सगळे एकदम बोलायचे,” ती अभिमानानं सांगे, “आणि भात गार व्हायच्या आत सगळं मिटलेलं असायचं. तुमच्याकडे मिटतं लवकर, पण भात गारच होतो.”

“मी आधी धाकट्याचं सांगतो,” मास्तरांनी पाव मोडत सुरुवात केली. “धाकट्याचं काम आता वाढलंय. मोठमोठ्या इमारतींना तो काचा लावतो. चौकटी ठेवायला त्याला जागा नाही, भाड्याच्या गोदामात पाणी शिरतं, माल खराब होतो. हे दुकान बाजारात आहे, दार रुंद आहे, गाडी थेट दाराशी लागते. त्याला हे गोदाम म्हणून मिळालं तर त्याच्या डोक्याचा ताप जाईल. आणि तो हे हावरेपणानं मागत नाही. पणजोबांनी पाठीवर काचा बांधून दारोदार हिंडून हा धंदा उभा केला, तो त्याच धंद्यात राहावा असं त्याला वाटतं. हेच?”

“हो, हेच,” धाकटा म्हणाला. तो थोडा हलला होता. हावरेपणा त्याच्या मनात थोडासा होताच, पण दादानं ते इतकं धुऊन पुसून मांडलं की त्याला आपलाच अभिमान वाटला. “आता मी दादाचं सांगतो. दादाला वाटतं जागा मंडळीला द्यावी. रविवारची मुलांची शाळा पायऱ्यांवर भरते. पोरं उन्हात बसतात, पाऊस आला की सुट्टी. बाबा स्वतः त्या पोरांना गोष्टी सांगायचे. त्यांच्या जागेत त्यांच्यामागे पोरांचा आवाज राहावा, यापेक्षा बाबांना दुसरं काय आवडलं असतं? दादाला यात नाव नकोय, पाटी नकोय.”

“पाटी नकोच,” मास्तर म्हणाले. “हो, हेच.”

“हेच असेल तर,” धाकट्यानं पाण्याचा पेला फिरवला, “मंडळीच्या पोरांपुढे माझ्या चौकटी काय बोलणार? मी सोडतो.”

“सोडतो?” घंटी वाजली. “अहो, येताना रस्ताभर काय म्हणत होतात? ‘या वेळी दादापुढे विरघळायचं नाही, तू मला चिमटा काढ.’ मी काढला, तर पाय लांब नेलात!”

थोरली वहिनी रश्श्यात तोंड घालून हसली. आईही हसली. मास्तर तेवढे हसले नाहीत; ते मनातल्या मनात पुढच्या मुद्द्यावर गेले होते. मधलीला त्यांचा चेहरा पाठ होता. हा चेहरा चांगल्या माणसाचा होता. म्हणूनच त्याला अडवणं कठीण.

“राहिली मधली,” ते म्हणाले. “मधलीचं मी सांगतो.”

जी सगळ्यांचं सांगते, तिचं आज कोणीतरी सांगणार, म्हणून सगळे सरसावून बसले.

“मधली थकली आहे,” मास्तर हळू बोलले. “ती म्हणणार नाही, पण मला दिसतं. बाबांचं शेवटचं सगळं तिनं काढलं. आईचं ती करते. आम्ही दोघं आपापल्या संसारात, आणि ही उभी टेबलाशी. काच म्हणजे काय मऊ काम आहे? आता हात कापला. उद्या डोळे जातील. तिला वाटतं, आता पुरे. पण बाबांचं दुकान बंद कसं करायचं, याचा तिला संकोच. ते मंडळीच्या कामी गेलं तर तो संकोचही उरणार नाही. आमच्याकडे वरची खोली आहे, खिडकीतून झाडं दिसतात. आई आणि ती तिथे राहतील. कोणी तिला कशाला हाक मारणार नाही. तिनं बसावं, वाचावं, प्रार्थना करावी. देवानं तिला विश्रांती द्यायची ठरवली आहे, आपण निमित्त.” त्यांचा आवाज भरून आला. “हेच ना गं मधले?”

‘हो, हेच.’ दोनच शब्द. मधलीच्या जिभेवर ते इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप येऊन बसले. त्यातलं खोटंही काही नव्हतं. ती थकायची. कोण थकत नाही? दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकट्यानं आपलं सोडलं होतं. तिच्या एका ‘हो’नं सगळं टेबल शांत होणार होतं. आपलं काही मागायचं म्हणजे या भरल्या ताटात माती कालवायची. आणि आपण मागायचं कशासाठी? शास्त्र तर म्हणतं, आपलंच पाहू नका, दुसऱ्याचंही पाहा. तिला ते पाठ होतं. एवढंच की त्या वाक्यातला ‘ही’ तिनं कधी मोजला नव्हता.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली आणि उठली.

“मीठ टेबलावरच आहे,” थोरली वहिनी म्हणाली. पण मधली पडदा सारून दुकानात गेली होती.

रविवारी दुकानाची फळी लावलेली असे. फटींतून उन्हाच्या सळया आत आल्या होत्या आणि भिंतीशी उभ्या काचांमधून जिथे जातील तिथे वाकत होत्या. काच आडवी ठेवायची नसते. ती उभीच राहते, माणसासारखी. मधलीनं कापायच्या टेबलावर पट्टी नसलेला हात टेकला. याच टेबलावर दुसरा हात कापला होता. कामाच्या भारानं नाही. हिरकणीची रेघ एकदाच ओढायची असते. पहिली रेघ चुकली असं वाटून तिच्यावरूनच दुसरी फिरवली, की काच तुमचं ऐकत नाही, आपल्या मनानं फुटते. हे धाकट्यालाही शेंबडा असताना माहीत होतं. त्या दिवशी मधलीची पहिली रेघ अगदी बरोबर आली होती. पण घरी सांगू की नको, सांगू की नको, असं डोक्यात चाललेलं. हाताला वाटलं रेघच चुकली, आणि त्यानं दुसरी ओढली.

“मीठ इथे असतं होय, ताई?” मागून घंटी.

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय, याला आमच्यात कुजबुज म्हणतात.” घंटी आत आली आणि भिंतीशी थांबली. तिथे लाकडी पट्ट्या मारलेल्या नव्या पेट्या उभ्या होत्या, एकाला एक टेकून. “या कुठल्या? एवढ्या?”

मधलीनं एका पेटीची सैल पट्टी दाबून बसवली.

“आमच्या ह्यांच्या नाहीत. त्यांच्या असत्या तर मला ओरडून सांगितलं असतं.”

“इस्पितळाच्या,” मधली म्हणाली. “नवी इमारत होतेय ना. तिच्या सगळ्या खिडक्या.”

“सगळ्या? ते काम तू घेतलंस?”

“हो म्हणून आले.”

घंटीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या बाबतीत ते फार मोठं होतं. “अगं बाई! जाऊबाई त्याच इस्पितळात, त्यांना नाही माहीत? कोणाला सांगितलंस तू?”

“ह्यांना.” मधलीनं काचांकडे हनुवटी उडवली.

“काय म्हणाल्या?”

“पलीकडचं दाखवलं नेहमीसारखं.”

दोघी हसल्या. मग घंटीचं हसू ओसरलं. ती जवळ आली. “ताई, आत जाऊन तू ‘हो, हेच’ म्हणणार आहेस. मला तुझी मान दिसते मागून. ती आत्ताच डोलायला लागलीय.”

“दादा चांगल्यासाठीच सांगतोय गं.”

“ते कोण नाही म्हणतंय? भाऊजी देवमाणूस आहेत. पण तुझं त्यांनी सांगितलं, ते तुझं होतं का?”

मधली बोटानं टेबलावरची काचेची बारीक कुसं गोळा करत राहिली. “मुलांची शाळा आहे,” ती शेवटी म्हणाली. “देवाच्या कामापुढे मी माझं दुकान घेऊन उभी राहू?”

“देवाला तू काय सांगितलंस?”

“म्हणजे?”

“रोज प्रार्थना करतेस ना? त्याला तरी तुझं सांगितलंस की तिथेही आमचंच सांगतेस?”

मधली तिच्याकडे पाहत राहिली. खरंच, कित्येक वर्षं ती देवापुढे दादाचं सांगत होती, धाकट्याचं, आईच्या डोळ्यांचं, घंटीच्या कूस उजवण्याचंसुद्धा.

“मी आत काही बोलणार नाही,” घंटी म्हणाली. “तुझं आहे ते. मी बोलले तर आणखी एक जण तुझं सांगणारा झाला.” दारापाशी ती वळली. “पण चिमटा काढू शकते. पाय लांब नेऊ नकोस.”

त्या आत आल्या तेव्हा भात खरोखरच गार झाला होता. मास्तर थांबले होते. ते रागावले नव्हते; नियमाप्रमाणे थांबले होते.

“मधले, ‘हो, हेच’ राहिलं,” आई म्हणाली. तिला दिसत नव्हतं, पण कोणाचं काय राहिलं हे तिच्या कानांतून सुटत नसे.

मधलीनं ओठ उघडले आणि मिटले.

“बरोबर नसेल माझं,” मास्तर मोकळेपणानं म्हणाले. “दुसऱ्या कोणी सांगून पाहा.”

थोरल्या वहिनीनं हात पुसले. “मला वाटतं, हिला आईंची काळजी. इथे आईंना पावलांखालची फरशी ओळखीची आहे. आमच्याकडे जिना आहे. आई पडतील, म्हणून ही बोलत नाही. हो ना गं?”

हेही खरं होतं. आणि हेही ते नव्हतं. मधली म्हणाली, “आहे काळजी, वहिनी.”

“पण ‘हेच’ नाही,” आई म्हणाली.

“मी सांगतो,” धाकटा म्हणाला. “ताईला वाटतं, आपण सगळे खूश राहावं. कसंही करा, पण भांडू नका. लहानपणापासून तिला तेवढंच हवं असतं. ताई, हेच. आता तर नक्की हेच.”

तो प्रेमानं हसत होता. आणि नेमक्या त्या हसण्यानं मधलीच्या छातीत काहीतरी तडकलं. मोठ्यानं नाही, थंडीत पेटीतली काच कधीकधी कोणी हात न लावताही तडकते तसं. ‘तिला तेवढंच हवं असतं.’ इतकी वर्षं सगळ्यांच्या पलीकडचं दाखवता दाखवता ती स्वतः कोणाला दिसतच नव्हती. दोष त्यांचा तरी कसा म्हणावा? तिनंच रोज पुसून पुसून लख्ख केलं होतं.

“धाकटे, तू सांग,” मास्तर घंटीकडे वळले.

“मला थोडं माहीत आहे,” घंटी म्हणाली, आणि सगळे चमकले, कारण ती खरंच हळू बोलली. “पण मी नाही सांगणार, भाऊजी. तुम्ही सगळे हुशार आहात. सगळ्यांचं सगळे सांगता. पण हिला कोणी विचारलंय का?”

“विचारायचं काय त्यात?” मास्तर खरोखर गोंधळले. “आम्ही काय परके आहोत? तिला जन्मापासून ओळखतो.”

तेव्हा आईनं चमचा खाली ठेवला.

“थोरल्या,” ती म्हणाली, “रस्त्याकडेला एक आंधळा बसला होता आणि प्रभू चालला होता, ती गोष्ट तू पोरांना शिकवतोस ना?”

“शिकवतो.”

“तो ओरडत होता आणि लोक त्याला गप्प करत होते. मग प्रभूनं त्याला जवळ बोलावलं. काय विचारलं?”

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि वर्गात एकाएकी फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या मुलासारखे थांबले. “तुझ्यासाठी मी काय करावं असं तुला वाटतं, असं काहीसं.”

“आता मला सांग, माणूस आंधळा आहे हे त्याला दिसत नव्हतं? त्याच्याएवढं कोणाला कोण ओळखतं? मलासुद्धा आताशा दिसत नाही, म्हणून मी त्या आंधळ्याचा फार विचार करते. तो म्हणू शकला असता, मला माहीत आहे याला काय हवंय, मीच सांगतो. पण तसं नाही म्हणाला. विचारलं, आणि थांबला. त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबला.” आईची बोटं पितळी पट्टीच्या खुणांवरून फिरत होती. “तुमचे बाबा दोन वाक्यं म्हणायचे. तुम्ही पहिलं एवढं घासून ठेवलंत, की दुसरं झिजूनच गेलं. ते ‘मग तुझं’ असंही म्हणायचे. आणि मीही कधी हिला आठवण दिली नाही. घरात शांतता होती, मला बरं वाटत होतं.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि टेबलाच्या चादरीनंच पुसला. एरवी ते मुलांना त्यावरून ओरडले असते. पुन्हा लावला, आणि बहिणीकडे असं पाहिलं, जसं काचेतून पाहता पाहता माणसाला अचानक काचच दिसावी.

“मधले,” ते म्हणाले, “मला वाटलं मला माहीत आहे. मला माहीत नाही. तुला काय हवंय?”

टेबलाखालून घंटीचा चिमटा आला. मधलीनं पाय लांब नेला नाही.

“इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या खिडक्या मी घेतल्यात,” ती म्हणाली. “सगळ्या. पेट्या आल्यात, दुकानात उभ्या आहेत. मी शब्द देऊन आलेय. हात जड झाला म्हणून कापला नाही. तुम्हाला कसं सांगू याचा विचार करत होते, म्हणून एकाच रेघेवर दुसरी ओढली.”

“दोनदा?” धाकटा आ वासून म्हणाला. “ताई, तू?”

“मी.”

“आमच्या इस्पितळाच्या?” थोरली वहिनी म्हणाली. “आणि मला पत्ता नाही! रोज तिथून जाते, म्हणते बाई कोण कधी बसवतंय काचा, वारा नुसता भणाणतो.”

“आणि मुलांची शाळा,” मधली घाईनं पुढे बोलली, आता थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही अशी, “तिला ही मागची खोली घ्या. रविवारी सकाळी आई आणि मी उपासनेलाच असतो. टेबल मोठं आहे. पोरं इंच मोजायला शिकतील. काचांत पोरं बसवण्यापेक्षा बरं.”

“ते तर मी केव्हाचं म्हणणार होते,” घंटी म्हणाली. “पोरं आणि काचा!”

मास्तर ऐकत होते. आज ते खरोखर ऐकत होते; कपाळावर आठी नव्हती. ऐकून झाल्यावर, बाबांनी शिकवल्याप्रमाणे, त्यांनी तिचं तिला परत सांगितलं.

“म्हणजे तुझं असं आहे. तू शब्द दिलायस. दिलेला शब्द मोडणं प्रभूच्या माणसाला शोभत नाही. आजाऱ्यांच्या खोल्यांत वारा शिरतो, तेही सेवेचंच काम. तेव्हा ते काम पुरं होईपर्यंत दुकान राहू दे, आणि पोरांची सोय इथे मागे. हेच ना?”

किती छान सांगितलं होतं! पक्कं छप्पर होतं ते. त्याच्याखाली ती आरामात उभी राहू शकली असती. शब्द पाळायचा, सेवा करायची. कोणाची बोट दाखवायची हिंमत झाली नसती, तिची स्वतःचीही नाही. दुकान राहिलं असतं. निदान काही दिवस. ‘हो’ पुन्हा जिभेवर आलं, ओळखीचं, मऊ.

मधलीनं चादरीखाली हात घातला. बनात लागली, जुनी, मऊ पडलेली. आणि तिच्यात कित्येक वर्षांपूर्वी अडकलेलं काचेचं एक कुस बोटाला हलकं टोचलं. रेघ एकदाच ओढायची असते. जिथे हवी तिथे ठेवायची आणि हात उचलायचा नाही.

“नाही, दादा,” ती म्हणाली. “हे नाही.”

आईची बोटं पट्टीवर थांबली.

“शब्द दिलाय म्हणून नाही. आजाऱ्यांसाठी नाही. खिडक्या झाल्यावरही नाही सोडणार. बाबांचं दुकान म्हणून नाही, आईची फरशी म्हणून नाही.” तिचा आवाज चढला नाही, बारीक, सरळ, मध्ये न तुटणारा असा तो शेवटापर्यंत गेला. “मला काच कापायला आवडतं. सकाळी फळी काढली की सगळ्या काचांत एकदम उजेड येतो, तो मला बघायचा असतो. हे मी कोणाला सांगितलं नाही, देवालासुद्धा नाही. दुकान मला हवंय, दादा. माझ्यासाठी. मला हवंय.”